बाळारामकाकांचा माफीनामा

बाळारामकाका दिवसातून किती वेळा 'चुकलं' म्हणायचे याला काही सुमारच नव्हता. शेअर रिक्षात कोणी त्यांच्या पायावर पाय दिला तर हेच म्हणणार, "चुकलं बाबा, माझा पाय मधी आला." कोणाच्या हातून चहा सांडला तरी यांचं आपलं, "चुकलं, मी जवळ उभा राह्यलो." एकदा स्टँडवर एक म्हैस येऊन त्यांना धडकली. काका पडले, उठले, धोतराला पुसावेत तसे पँटीला हात पुसले आणि म्हशीला म्हणाले, "चुकलं गो बाय!" आम्ही पोट धरधरून हसलो. तेही हसले. आपल्याला हसतात याचं त्या माणसाला कधी वाईटच वाटलं नाही.

मुरबाडच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारी आमची कंपनी आहे. नाव लिहीत नाही, कारण मी अजून तिथेच कामाला आहे. टाइम ऑफिसात कारकून. कोण किती वाजता आलं, कोण रजेवर, कोणाचा विमा, कोणाचा फंड, असली लिखापढी माझ्याकडे. किन्हवलीहून सकाळची जीप पकडायची, सरळगावला बदलायची आणि मुरबाड गाठायचं. काका दुसऱ्या अंगाने यायचे, सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका गावातून, एसटीने. स्टँडवर आमची गाठ पडायची. तिथून कंपनीपर्यंत एकच रिक्षा. बावीस वर्षं ते पुठ्ठा कापायच्या मशीनवर होते, त्यातली शेवटची नऊ मी पाहिली.

कंपनीने दिलेले जाड बूट ते रस्त्यावर घालायचे नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लॉकरमध्ये ठेवायचे आणि गेटच्या आत आल्यावर चप्पल काढून घालायचे. मी एकदा विचारलं, "काका, बूट आहेत तर पावसाळी चप्पल घालून कशाला येता?"

"कंपनीचं बूट कंपनीत झिजूदे. रस्त्याव कशाला झिजवू? रस्ता काय कंपनीचा हाय?"

आता बोला! असा माणूस. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या खोलीत पंखा फिरत असला तर जेवण सोडून उठणार आणि बंद करून येणार. पुठ्ठ्याच्या कापून उरलेल्या पट्ट्या वेगळ्या काढून ठेवणार, पॅकिंगच्या बायकांना खोक्यात खालीवर घालायला होतात म्हणून. त्यांच्या कागदावर पुढे जे 'कंपनीची फसवणूक' वगैरे शब्द आले ना, ते वाचताना मला दर वेळी ते पिशवीतले बूट आठवतात आणि डोकं सणकतं.

मशीनचं तर विचारू नका. सकाळी आल्याबरोबर चालू करण्याआधी तळहात मशीनच्या कुशीला लावून उभे राहायचे, गाभण गाईच्या पोटाला लावतात तसा. मग चालू करून पुन्हा हात. "आज पोट बिघडलंय ह्याचं," म्हणायचे, आणि दोन दिवसांत खरंच काहीतरी मोडायचं. एकदा मशीन तिरकं कापायला लागलं. बाहेरून इंजिनियर बोलावला, तो लॅपटॉप घेऊन दीड दिवस बसला. काका मागे उभे. शेवटी न राहवून म्हणाले, "साहेब, डाव्या अंगाचा पट्टा ढिला हाय बगा." इंजिनियर भडकला. "तुम्हाला कळतं तर मला कशाला बोलावलं?" म्हणाला. संध्याकाळी डाव्या अंगाचाच पट्टा निघाला.  काकाच त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "चुकलं साहेब. तुमी काम करताना मी मधी बोललो." तो इंजिनियर इतका ओशाळला, की जाताना काकांच्या पाया पडायला वाकला.

हे त्यांच्या 'चुकलं'चं गुपित होतं. मला वाटायचं भोळसटपणा आहे. भोळसटपणा नव्हता. त्यांच्या गावची ती रीतच होती, आणि ती त्यांनी मला नीट समजावून सांगितली होती.

झालं होतं असं, की त्यांच्या शेताला लागून किसनच्या बापाचं शेत. हा किसन म्हणजे आमच्याच कंपनीतला, काकांनीच कामाला लावलेला, काकांच्याच मशीनवर मदतीला असलेला. किसनच्या बापाने एका उन्हाळ्यात बांध हातभर सरकवला, काकांच्या शेतात. गाव जमलं. सगळ्यांना वाटलं आता बाळाराम आणि तो एकमेकांची डोकी फोडणार. काका उठले, डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "चुकलं माझं. पावसाच्या आधी येऊन बांध बघायला पायजे होता, मी नाय बघितला."

"अहो पण चूक त्याची होती ना!" मी म्हणाले.

"व्हय. पन मी चुकलं बोललो ना गो, आता त्यो काय बोलंल? दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यानीच बांध मागं घेतला. आमच्याकडं रीत हाय सुजा. एकानी चुकलं म्हटलं का मिटलं. त्याच्यावर जो कोन तोंड उघडंल, त्यानी आख्ख्या बैठकीला चहा पाजायचा."

जूनमध्ये ते मला रानातली शेवळं आणून द्यायचे. पळसाच्या पानात बांधलेली जुडी आणि वर मूठभर काकडं. आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: शेवळं ही पावसाच्या तोंडाशी उगवणारी रानभाजी. चव अशी की मटण मागे पडेल, पण घशाला खाजते. काकडाची छोटी आंबट फळं ठेचून त्यात घातली की खाज मरते. दर वर्षी जुडी हातात देताना काका तेच बोलायचे. "काकड इसरू नको गो. चुकलं म्हननं म्हंजे शेवळातलं काकड. ते पडलं का कोनाच्या घशाला खाजत नाय."

मी कौतुकाने घरी आईला सांगायचे. आई म्हणायची, "मोठा शहाणा आहे तुझा काका." होताच.

आता आवणीची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घडलं ते आवणीपायी. आवणी म्हणजे भाताची लावणी. आमच्याकडे जुलैत ती आठ-दहा दिवसांत उरकावी लागते, नाहीतर रोप जून होतं. मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, म्हणून सावड चालते. आज सगळ्यांनी तुझं शेत लावायचं, उद्या माझं. कटिंग खात्यातले काका धरून तेराच्या तेरा जण शेतीवाले. नेमकी त्याच दिवसांत कंपनीला ऑर्डरची घाई, त्यामुळे रजा बंद. मग यांनी काय केलं, तर सावड कंपनीत आणली. रोज दोघं किंवा तिघं शेतावर जायचे. उरलेले त्यांचं काम ओढायचे, जेवणाची सुट्टी न घेता. माल एक खोकं कमी पडू द्यायचे नाहीत. आणि गेटवरच्या हजेरीच्या मशीनला सगळ्यांची कार्डं दाखवायचं काम काकांचं. सगळ्यांत म्हातारे, सगळ्यांत भरवशाचे. खिशात रबर लावलेली कार्डांची चळत, एकेक काढायची, मशीनला टेकवायची, पुन्हा रबर लावायचं. स्वतःचं शेत त्यांनी दर वर्षी शेवटाला ठेवलेलं.

जुन्या मॅनेजरना हे माहीत होतं. मला माहीत होतं. हजेरी माझ्याच टेबलावर यायची. एका वर्षी आईचा ताप आवणीत उपटला तेव्हा माझंही कार्ड दोन दिवस काकांच्या खिशात होतं, हे इथेच सांगून टाकते. मॅनेजर म्हणायचे, "माल गाडीत भरलेला दिसला पाहिजे, बाकी मला काही दिसत नाही." पण म्हणायचे फक्त तोंडाने. त्यांनी कागदावर कधी एक ओळ लिहून दिली नाही. आम्हीही मागितली नाही. नियमाने ते चुकीचंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण मी पाहिलेल्या नऊ वर्षांत कंपनीचं एका पैचं नुकसान त्यातून झालं असेल तर दाखवा.

मग जुने मॅनेजर गेले आणि एचआरचे नवे साहेब आले. तिशीतले, गोड बोलणारे. सगळ्यांना काका, मावशी, ताई. माझं अक्षर पाहून म्हणाले, "सुजाताताई, काय सुंदर अक्षर आहे तुमचं! कंपनीच्या सगळ्या नोटिसा आता तुम्हीच लिहायच्या." मी अशी फुगले, की घरी जाऊन तीनदा सांगितलं. शाळेपासून माझं अक्षर फळ्यावर सुविचार लिहायला लागायचं. चांगल्या अक्षराची एवढीच किंमत मला तोवर ठाऊक होती.

त्यांनी गेटवर कॅमेरा बसवला. त्याच सुमारास कुजबुज सुरू झाली होती, की आपोआप कापणारं नवं मशीन येणार आणि कटिंग खातं बंद होणार. बंद करायचं तर जुन्या माणसाला त्याच्या वर्षांप्रमाणे भरपाई द्यावी लागते. बावीस वर्षांचा एकच माणूस होता. आज हे सगळं मला एका ओळीत दिसतं. तेव्हा दिसलं नाही, किंवा मी पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं आणि मला कागद घेऊन यायला सांगितलं. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर काका दिसत होते, पाठमोरे, एकामागून एक कार्डं टेकवणारे. काका ते बघून आधी थोडे लाजले. स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं त्यांनी.

"काका, हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"आवणी होती साहेब."

"कोणाकोणाची कार्डं?"

काकांनी पडद्यावरून नजर काढली. मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवली. मला ती टोपी माहीत होती.

"माझं चुकलं साहेब. जे काय हाय ते माझं. मोठ्या मनानं पदरात घ्या."

साहेब खुर्चीतून उठले, चक्क फिरून आले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मी तुमच्या मुलासारखा. तुम्ही एवढं बोललात, संपला विषय. फक्त फाईलला दोन ओळी लागतात. माफीचं पत्र द्या, मी मिटवून टाकतो."

"मिटलं ना?" काकांनी विचारलं.

"मिटलं!" साहेब म्हणाले.

काका चौथी शिकलेले. वाचायचे, पण बोट ठेवून, सावकाश. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू लिव गो सुजा. तुजं अक्षर देवळातल्या पाटीसारखं हाय." त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. माझ्या हातून चूक झाली. इतरांचा काही दोष नाही. पुन्हा होणार नाही. मोठ्या मनाने माफ करावं. तेवढ्यात काकांना मशीनवरून हाक आली. "आलोच सहीला," म्हणून ते गेले. तेव्हा साहेब मला म्हणाले, "ताई, एक ओळ टाका मध्ये. 'सदर गैरवर्तन मी वारंवार व जाणूनबुजून केले असून कंपनीची फसवणूक केली आहे.' ऑडिटला असं लागतं. फॉर्मॅलिटी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हसून मान हलवली. आणि मी लिहिलं. त्याच अक्षरात, एकही खाडाखोड न करता. का लिहिलं? मी स्वतःला शंभरदा विचारलंय. माझंही कार्ड एकदा त्या चळतीत गेलं होतं आणि साहेबांना ते कळलं नव्हतं, हे एक. आणि दुसरं, साहेब माझ्या अक्षराचं कौतुक करत होते. बस, एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं.

काका परत आले. मी म्हणायला हवं होतं, काका, वाचून बघा. नाही म्हटलं. त्यांनी पेन घेतलं, वाकून एकेक अक्षर काढत सही केली आणि कागदावर फुंकर मारली, शाई सुकावी म्हणून. जाताना साहेबांना म्हणाले, "चहा पाजतो सगळ्यांना." आणि खरंच संध्याकाळी स्वतःच्या खिशातून बाराजणांना चहा पाजला. विषय मिटला म्हणून.

पंधरा दिवसांनी चौकशी लागली. नावाचीच. बाराजणांना एकेक करून आत घेतलं आणि छापील कागद पुढे केला: 'माझे कार्ड सदर इसमाने माझ्या परवानगीशिवाय वापरले.' सही केलीत तर तुमचं काही नाही, नाही केलीत तर तुम्हीही त्याच रांगेत. एकाने तरी म्हणावं, की नाही साहेब, आम्ही सगळे होतो! कसलं काय! ज्यांची शेतं काकांनी गुडघाभर चिखलात उभं राहून लावली, त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. सगळ्यांत आधी सही करून बाहेर आला तो किसन. काका बाहेर बाकावर बसले होते. त्यांच्यासमोरून तो मोबाइल कानाला लावून गेला. मोबाइल बंद होता, पुढे जाऊन खिशात टाकताना मला त्याचा काळा स्क्रीन दिसला. दुष्मनाने मारलेलं कळतं हो, पण असा केसाने गळा कापलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मलाही विचारलं, "हजेरीत काही संशय आला होता का?" मी म्हणाले, "नाही." म्हणजे मीही कानावर हात ठेवले.

'गैरवर्तनाबद्दल कामावरून कमी करण्यात येत आहे.' ते पत्रही माझ्याच टेबलावरून गेलं. काकांनी त्या दिवशी लॉकरमधून बूट काढले, पुसले, पिशवीत घातले आणि स्टोअरमध्ये जमा करून पावती घेतली.

भरपाई गेली. पण माझ्या डोक्यात एक आलं. आमच्या पगारातून कामगार विम्याचं कापलं जातं आणि त्यात काम सुटलेल्याला काही महिने निम्मा पगार मिळायची सोय आहे. मला वाटलं, निदान एवढं तरी मी करून देईन. काकांची धाकटी, मनीषा, शहापूरला राहून नर्सिंग शिकत होती. शेवटचं वर्ष. त्या भत्त्यावर ते वर्ष निघणार होतं. मी काकांना फोन केला तर म्हणाले, "असं मिलतं का गो? मग पोरीला सांगतो, बॅग भरू नको." ती घरी यायला निघाली होती. त्यांनी तिला थांबवलं, माझ्या भरवशावर.

मी रजा टाकून त्यांच्याबरोबर विम्याच्या ऑफिसात गेले. खिडकीवरच्या बाई चांगल्या होत्या, हे मुद्दाम सांगते. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं, कॉम्प्युटरवर बरंच काही पाहिलं. मग त्यांचा चेहरा बदलला.

"काका, कंपनीने कारण गैरवर्तन कळवलंय. गैरवर्तनाने नोकरी गेली असेल तर हा भत्ता देता येत नाही. नियमच आहे तसा."

काका हसले. त्यांना वाटलं, बाईंना पूर्ण माहिती नाही. "पन ताई, मी चुकलं म्हटलं होतं ना."

"म्हटलंत म्हणून तर, काका. तुमची कबुली जोडलीय त्यांनी." आणि बाईंनी पडदा काकांकडे वळवला.

काका पुढे सरकले. काचेवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. 'माझ्या हातून चूक झाली' वर बोट आलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली. मग बोट पुढे सरकलं. 'सदर'. 'गैरवर्तन'. 'वारंवार'. 'जाणूनबुजून' या शब्दाला त्यांना फार वेळ लागला, दोनदा मागे जाऊन पुन्हा वाचला. मागे रांगेतला माणूस खाकरला. काकांनी त्याच्याकडे वळून सवयीने "चुकलं" म्हटलं आणि पुन्हा बोट ठेवलं. 'फसवणूक' पाशी ते थांबलं.

"हे मी सांगितलं होतं गो?" त्यांनी मला विचारलं.

"नाही काका."

"साहेबांनी सांगितलं?"

"हो."

"मी भाईर गेलो तवा?"

"हो."

त्यांनी पुन्हा त्या पडद्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं, चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. ते फक्त म्हणाले, "अक्षर मात्र एकसारखं हाय. कुटं हात हलला नाय तुजा."

बाईंना बहुतेक सगळं कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "ही ओळ काकांनी सांगितलेली नव्हती असं कोणी लिहून दिलं, तर कामगार कोर्टात जाता येईल. तिथे गैरवर्तन पुसलं गेलं तर पुन्हा आमच्याकडे या." असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काकांनीही नाही. परतीच्या एसटीत काका पुढच्या सीटवर बसले. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

मनीषा बॅग भरून घरी आली. आता ती एका गोडाऊनमध्ये पार्सलं चिकटवते. नवं मशीन आलं, कटिंग खातं बंद झालं, आणि ज्यांनी सह्या केल्या त्यांतल्या सातजणांनाही चार महिन्यांत घरी पाठवलं, किसन धरून. त्यांचं कारण मात्र 'काम कमी' असं लावलं, म्हणून त्यांना भत्ता मिळाला. त्यांचे फॉर्म मीच भरले. गेल्या जुलैत त्यांच्या गावात आवणी झाली तेव्हा काकांच्या शेतात सावडीला कोणी आलं नाही म्हणतात. तोंड दाखवायचं कसं, म्हणून आले नाहीत. काका, काकू आणि मनीषा तिघांनी लावलं.

या जूनमध्ये मुरबाडच्या बाजारात ते मला दिसले. स्टँडच्या भिंतीशी गोणपाट अंथरून बसले होते. पुढे शेवळांच्या जुड्या, पळसाच्या पानात बांधलेल्या, एकसारख्या मापाच्या, आणि बाजूला काकडांचा ढीग. टोपी होती डोक्यावर. मी दोनदा पुढे जाऊन मागे आले. तिसऱ्यांदा समोर जाऊन उभी राहिले.

"काका."

"ये गो." जसं काही कालच भेटलो होतो.

सगळा धीर एकवटून मी म्हणाले, "काका, माझं चुकलं."

नऊ वर्षं मी त्या माणसाला हा शब्द ऐकल्यावर विरघळताना पाहिलं होतं. मशीनवर, रिक्षात, गेटवर. मी वाट बघत होते. आता ते म्हणतील, मिटलं. त्यांच्या गावची रीत होती ना.

काकांनी एक जुडी उचलून पानावरचं पाणी झटकलं. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी साधं.

"तोंडी नको सुजा," ते म्हणाले. "लिवून दे."

पाठीमागे सरळगावची जीप भरत होती. हाका मारणारा पोरगा नाही, स्वतः ड्रायव्हरच ओरडत होता, एक सीट, एक सीट. मी म्हणाले, "काका, नोकरी जाईल माझी. माझं पण गैरवर्तनच लावतील."

"हां," काका म्हणाले. "लावतील."

आणि त्यांनी जुडी माझ्या हातात दिली. मी पर्स उघडली तर हातानेच नको म्हणून सांगितलं. एवढ्यात शहरातून आलेल्या दोन बायका गाडीतून उतरून आल्या, ही कुठली भाजी, कशी करायची, म्हणून विचारायला लागल्या. काका त्यांच्याकडे वळले. मी जीपमध्ये जाऊन बसले. गाडी सुटताना वळून पाहिलं तर काका त्या अनोळखी बायकांच्या पिशवीत ओंजळ भरभरून काकडं टाकत होते आणि बजावत होते, "इसरू नका हां. ह्याच्याबिगर घसा धरतो."

किन्हवलीला उतरल्यावर मी जुडी सोडली. आत नुसती शेवळं होती.